चौथा धोंडीबा

बेलीरामनं शेगडीशेजारच्या फळीवर चार कप मांडले. आम्ही तिघं होतो.

मला ते खटकलं नाही, कारण मला त्या वेळी काहीच खटकत नव्हतं. इतक्या उंचीवर डोकं असं चालतं की आपण बूट काढायला बसतो आणि शेजारच्याची नाडी सोडत राहतो. मी शर्वरीची सोडत होतो.

"पराग, तो माझा पाय आहे," ती म्हणाली.

"मग माझा कुठाय?"

ती दाराबाहेर ओकायला गेली. शर्वरी माझी मामेबहीण, तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, दुसऱ्यांदा. मामा, म्हणजे तिचे वडील, भिंतीपाशी पाय पसरून बसले होते. पाठीवरची सॅक उतरवायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं, त्यामुळं ते भिंतीला नाही तर सॅकलाच टेकले होते.

ती झोपडी म्हणजे एकच खोली. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, मधोमध लाकडं जाळायची शेगडी आणि भिंतीकडेनं झोपायच्या फळ्या. बेलीराम तिची राखण करायचा. साधारण मामांच्याच वयाचा, लोकरीच्या गोल टोपीतला, बोलण्यात काटकसर करणारा माणूस. त्यानं तीन कप भरले, चौथ्यावर किटली धरली आणि थांबला.

"चौथा?"

मामांनी डोळे न उघडता अंगठा खांद्यावरून मागं नेला. "पीछे है."

बेलीरामनं दाराकडं पाहिलं. दुपारपासून धुकं होतं, आता त्यात बर्फ पडायला लागला होता.

"दूर है?"

"नहीं नहीं. एकदम पीछे."

बेलीरामनं किटली शेगडीवर परत ठेवली, चौथा कप उपडा घातला. खांद्यावर एक घोंगडी टाकली, काठी घेतली, बॅटरी घेतली आणि बाहेर पडला. आम्हाला गार लागू नये म्हणून जाताना दार नीट ओढून घेतलं. त्याच वेळी शर्वरी कोपऱ्यावरून परत येत होती. तो कुठं निघालाय हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. आम्ही चहा प्यायला लागलो.

इथं धोंडीबाबद्दल सांगायला पाहिजे.

मामांची सगळी नोकरी इचलकरंजीत, एसटीच्या वर्कशॉपमध्ये, गाड्यांच्या पोटाखाली गेली. ब्रेक फेल होण्याची सगळी कारणं त्यांना तोंडपाठ होती आणि त्यात बोनेटवर लिंबू नसणं हेही एक होतं. त्यांचा आणखी एक नियम होता. तिघांनी मिळून कुठल्या कामाला निघायचं नाही. निघावंच लागलं तर बरोबर एक दगड घ्यायचा, म्हणजे चौघं होतात. आमच्याकडं बऱ्याच घरांत असं करतात. खिशात खडा टाकतात आणि विसरून जातात. मामा विसरत नसत. दगड कुठलाही असो, त्याचं नाव धोंडीबा. काम झालं की धोंडीबा जिथनं उचलला तिथंच नेऊन ठेवायचा, वाटेत टाकायचा नाही. आणि कुणीही विचारलं तरी चौघंच म्हणायचं. "तोंडानं तीन म्हटल्यावर दगड घेऊन उपेग काय?" माझ्या थोरल्या भावासाठी मुलगी बघायला तिघं गेलो, तेव्हा मामांनी फोनवर चौघं येतोय म्हणून सांगितलं होतं. त्यांनी पोह्यांच्या चार बश्या आणल्या. धोंडीबाची बशी मी खाल्ली. लग्न जमलं. मामांच्या मते ते धोंडीबामुळं जमलं.

रिटायर झाल्यावर मामांनी एकच इच्छा सांगितली, बर्फ बघायचा. टीव्हीतला नाही, पायाखालचा. मामी चौथ्या होत्या. पण निघायच्या आठवड्यात त्यांचे गुडघे सुजले, त्यावरनं दोघांचं वाजलं आणि मामी रागानं म्हणाल्या, "माझ्या जागी दगड घेऊन जावा." मामांनी ती सूचना म्हणून घेतली. परसात कपडे धुवायच्या जागेजवळ बटाट्याएवढा एक काळा दगड होता, एका अंगानं साबणानं पांढरट झालेला. तो आमच्याबरोबर रेल्वेनं, बसनं, जीपनं हिमाचलात आला. त्याला तिकीट लागलं नाही एवढाच काय तो फरक.

रस्ता जिथं संपतो तिथं एक लाकडी पूल आणि पुलाशेजारी एक ढाबा होता. ढाबा रामदेईचा, आणि रामदेई बेलीरामची बायको. वर जाणारे लोक ती खाली मोजायची आणि वॉकीटॉकीवर नवऱ्याला कळवायची. सकाळी ती आमच्याकडं पाठ करून पराठे लाटत होती. शर्वरी आणि मी बाहेर नळावर बाटल्या भरत होतो. कितने लोग, असं तिनं विचारलं आणि मामांनी चार सांगितले. तिनं नावंही विचारली. धुक्यात हाक मारायला नाव लागतं म्हणाली.

"मैं वसंत," मामा म्हणाले. "ये पोरगी शर्वरी, ये भाचा पराग, और धोंडीबा."

"धोंडीबाबा?"

"बाबा नहीं. खाली धोंडीबा."

रामदेईनं ते नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं, तवा उतरवला आणि वॉकीटॉकीवर वर कळवलं. मी खिडकीतनं ऐकत होतो. तिनं माझं नाव फराक सांगितलं, पण धोंडीबा मात्र स्वच्छ म्हटलं.

तर, आम्ही चहा पीत होतो. चहात साखर भरपूर होती. मामांच्या गालावर जरा रंग आला. शर्वरीही माणसात आली. तिनं मामांची नाडी बघितली, माझी बघितली, आणि मग म्हणाली, "ते कुठं गेले?"

"लाकडं आणायला," मी म्हटलं.

तिनं कोपऱ्याकडं हनुवटी केली. लाकडं छपरापर्यंत रचलेली होती.

"मग पाणी."

हंडे भरलेले होते.

"मग आपला कंटाळा आला असेल."

तेवढ्यात वाऱ्याबरोबर हाक आली. लांबून, खालून, धुक्यातनं गाळून आल्यासारखी.

"धोंडीबाऽऽ"

मला हसू आलं. मला वाटलं, उंचीवर कान असे वाजत असतील. कुणाला पैंजण ऐकू येतात, आपल्याला धोंडीबा. मी शर्वरीकडं बघितलं तर तिनंही ऐकलं होतं. खोलीत आल्यापासून आमच्यापैकी कुणीही ते नाव काढलेलं नव्हतं.

"धोंडीबाऽऽ, ओ धोंडीबाऽऽ"

मामा सावकाश पुढं वाकले. सॅकचे पट्टे खांद्यावरनं काढले, वरचा कप्पा उघडला, आणि दगड काढून फळीवर ठेवला, उपड्या कपाशेजारी. मग आम्ही तिघं त्याच्याकडं बघत बसलो. त्याच्याकडनं काही खुलासा आला नाही.

"आबा," शर्वरी म्हणाली, "तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

"पीछे है म्हटलं." मामा म्हणाले. "मागंच हुता की. पाठीवर."

आम्ही दाराबाहेर धावलो आणि तोंडाला येईल ते ओरडलो. वापस आओ, हम तीन हैं, मिल गया. मामा "धोंडीबा इधर है, इधर है" असं दगड वर धरून ओरडत होते, जणू बेलीरामला तो दिसणार होता. वारा खालून वर येत होता. त्याची हाक आमच्यापर्यंत पोचायची, आमची आमच्याच तोंडात परत यायची. मी अंगणाच्या दगडी बांधापर्यंत गेलो, तिथं मला माझा हात दिसेना, आणि परत फिरलो तर दार दिसेना. शर्वरीच्या आवाजावरनं आत आलो. हाक दर वेळी आणखी खालून येत होती. बेलीरामनं या वाटेवर किती माणसं धुक्यातनं शोधून आणली असतील कोण जाणे. माणूस असता तर तो एव्हाना सापडला असता. नव्हता, म्हणून बेलीराम आणखी पुढं जात होता.

खिळ्याला टांगलेला वॉकीटॉकी खरखरला. रामदेई होती.

"चारों पहुँच गए?"

मामांनी माझ्याकडं बघितलं, मी शर्वरीकडं. तिनं सेट हातात घेतला.

"दीदी, हम तीन ही हैं."

"चौथा?"

"चौथा पत्थर है."

नुसती खरखर. "क्या है?"

"पत्थर. हमारे उधर तीन लोग निकलते हैं तो एक पत्थर साथ लेते हैं. उसको चौथा बोलते हैं."

"धोंडीबा?"

"हाँ."



"और ये कहाँ हैं?"

नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती, पण शर्वरीला कळलं. "उसी को ढूँढने गए हैं. आवाज़ नीचे से आ रही है. हमारी आवाज़ उन तक नहीं जाती."

मामांनी तोवर कानटोपी चढवली होती आणि माझी बॅटरी उचलली होती. ते दिसल्यासारखं रामदेई म्हणाली, "कोई बाहर नहीं जाएगा. तुम में से एक भी गया तो मेरे भाई को दो ढूँढने पड़ेंगे." मग तिनं सांगितलं, दाराबाहेर तेलाचा रिकामा डबा आहे, तो वाजवत राहा, थांबू नका, आवाजावर येतील. भाऊ उजाडल्याबरोबर वर यायला निघेल, आत्ता अंधारात त्याला पाठवून उपयोग नाही. हे सगळं ती गिऱ्हाईकाला जेवणात काय काय आहे ते सांगावं तसं सांगत होती.

"और सुनो," ती म्हणाली. "आ जाएँ तो मत बताना कि पत्थर था. बोलना, मिल गया. बेकार में घूमे, ऐसा सुनेंगे तो मन छोटा हो जाएगा उनका."

शर्वरीनं हो म्हटलं.

मामा तरी दाराकडं निघाले. ती आडवी उभी राहिली. "आबा, ओठ बघा तुमचे. निळे पडलेत."

"मग काय आरसा घिऊन बसू?"

"डबा वाजवा," ती म्हणाली.

डबा लाकडानं वाजवला तर भद्द आवाज येत होता. पळीनं वाजवला तर पळी वाकली. शेवटी मामांनी धोंडीबा हातात घेतला आणि एक ठोका दिला. तो आवाज बरोबर होता. स्वच्छ, कडक, लांब जाणारा. धोंडीबानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी काम केलं.

आम्ही दारात घोंगड्या पांघरून आळीपाळीनं बसायचं ठरवलं, पण मामांनी दगड हातचा सोडला नाही. वर्कशॉपमध्ये स्प्रिंगचा पाटा सरळ करताना देतात तसे ते ठोके द्यायचे, एका लयीत, मधे श्वास घेऊन. दगडाचे टवके उडत होते. एक माझ्या गालाला लागला. खोऱ्यापलीकडं दुसरा डोंगर होता, दिवसा धुक्यातनं त्याचा नुसता खांदा दिसला होता. प्रत्येक ठोका त्याच्यावरनं परत यायचा, तेवढाच मोठा, जरा उशिरानं. तिकडंही कुणीतरी डबा घेऊन बसलंय असं वाटायचं.

एकदा हाक पुन्हा आली आणि ती जवळून आली. तिघांनीही ऐकली. मामांनी जोर वाढवला. शर्वरीनं शेगडीवर पाणी चढवलं. मी फळीवरचा कप सुलटा करून ठेवला. त्यानंतर पुन्हा हाक आली नाही.

पहाटे वारा पडला, आकाश धुतल्यासारखं झालं, आणि समोर जिथवर नजर जाईल तिथवर बर्फ होता. पायाखालचा, टीव्हीतला नाही. उन्हं आली तेव्हा तो गुलाबी झाला. मामा डबा वाजवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रामदेईचा भाऊ चेतराम आणि त्याचा शेजारी टेकसिंग वर पोचले, तेव्हा मामांच्या हातातनं दगड काढून घ्यावा लागला. बोटं उघडत नव्हती. शर्वरीनं ती एकेक करून सोडवली आणि दगड डब्यावर ठेवला. मग सगळेच शोधायला निघालो. चेतराम हाका मारत वाटेनं खाली जात होता. टेकसिंगनं मात्र झोपडीच्या खालच्या अंगाला, वाट सोडून ओढ्याकडं गेलेल्या पावलांचे अर्धे बुजलेले खळगे बघितले. मधे ती पावलं झोपडीच्या इतकी जवळ आली होती, की आम्ही गप्प बसलो असतो तर त्याला आमच्या शेगडीचा धूर नाकाला लागला असता. तिथनं ती वळली होती आणि सरळ समोरच्या डोंगराकडं गेली होती.

बेलीराम ओढ्याच्या घळीत होता. एक पाय असा वळला होता की मी दुसरीकडं बघितलं. त्यानं घोंगडी पांघरलेली नव्हती. ती घडी करून छातीशी धरली होती, दुसऱ्या कुणासाठी आणलेली असल्यासारखी. तो जिवंत होता. शर्वरीनं त्याची बोटं बघितली, पांढरी आणि लाकडासारखी, आणि मग ती त्याच्या बोटांकडं पुन्हा बघेना.

त्यानं डोळे उघडले आणि समोरच्या डोंगराकडं हात केला.

"वो उधर है," तो म्हणाला. "डिब्बा बजा रहा था. सारी रात बजाया उसने. हिम्मतवाला आदमी है." मग थांबून, शब्द गोळा करून, "मैं पहुँच नहीं पाया."

चेतरामनं माझ्याकडं बघितलं. त्याला बहिणीनं सगळं सांगितलेलं होतं.

झोपडीतनं सॅका आणि झोपायची एक फळी काढून आणली, तिला दोन काठ्या आणि दोर बांधला, बेलीरामला त्यावर घोंगड्यांत गुंडाळलं. चेतराम आणि टेकसिंग पुढं झाले. मी मागच्या बाजूला एक काठी खांद्यावर घेतली. चेतरामला वळून बघता येत नव्हतं.

"तीन हुए," तो पुढनं म्हणाला. "चौथा?"

"चौथा पीछे है," मामा म्हणाले. ते माझ्या शेजारी वाकून काठीखाली खांदा घालत होते.

फळी हलली. बेलीरामनं डोळे उघडले होते. त्या पांढऱ्या बोटांनी तो अंगावरच्या घोंगड्या ओढत होता. इतक्या वेळात त्याच्यात एवढी ताकद कुणी बघितली नव्हती.

"रुको," तो म्हणाला. "रुको. एक पीछे है."

तो उठायला लागला. शर्वरीनं त्याचे खांदे धरले, तरी तो उठत होता. आम्ही फळी खाली टेकवली. मामा त्याच्या तोंडापाशी गुडघ्यावर बसले.

"आ गया वो," मामा म्हणाले.

बेलीरामनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "कब?"

"सुबे. तुम सोए थे. अभी अंदर बैठा है, चाय पी रहा है."

"ठीक है?"

"एकदम ठीक." मामांनी जरा विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "थोडा छिल गया है. बस."

"चाय मीठी देना," बेलीराम म्हणाला. त्यानं डोळे मिटले, आणि हातातली घोंगडी सोडली.

उतार सोपा नव्हता. उन्हानं बर्फ सैल झाला होता आणि प्रत्येक पावलाला कुणाचा तरी पाय घसरायचा. शर्वरी फळीच्या बाजूनं चालत होती, दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवून. देवदारांच्या खाली आलो, पूल दिसायला लागला, तेव्हा कधीतरी मी तिच्याकडं बघितलं तर तिचे दोन्ही हात तिच्याच खिशात होते. आम्ही थांबलो नाही. खांद्यावरचं वजन तेवढंच होतं.

रामदेई पुलाच्या तोंडाशी उभी होती. आम्ही एकामागून एक पुलावर येताना ती नेहमीसारखी मोजत होती, ओठ हलत होते. फळी ढाब्यातल्या बाकड्यावर ठेवली. तिनं त्याची टोपी सरळ केली, कपाळावरचा बर्फ पदरानं पुसला. मग मामांना विचारलं, "बताया तो नहीं?"

"नहीं," मामा म्हणाले. "मिल गया बोला."

तिनं मान हलवली. चेतराम लोकांना बोलवायला गेला. टेकसिंग बाहेर जाऊन बसला. ढाब्यात शेगडी चालूच होती, त्यावर काहीतरी उतू जात होतं आणि कुणी ते उतरवत नव्हतं.

मामांनी सॅक काढली, वरचा कप्पा उघडला. मग खालचा. मग सगळी सॅक फरशीवर उलटी केली. मोजे, औषधं, मामींनी दिलेले लाडू.

"शरू," ते म्हणाले, "धोंडीबा?"

"दारात राहिला, आबा. डब्यावर."

मामा उठले आणि पुलाकडं निघाले. हात सुजून दुप्पट झाला होता, पाय ओढत होते, तरी निघाले. मी आडवा झालो. मामा म्हणाले, त्याला घरनं आणलाय, परत न्यायला पाहिजे, असा तिकडं एकटा कसा ठेवू. मी म्हटलं, मामा, तो दगड आहे. ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी काहीतरी अवघड बोललो होतो.

रामदेईला मराठी कळत नव्हतं. त्या सगळ्यात तिला फक्त एक नाव कळलं असणार. तिनं नवऱ्याच्या तोंडावर घोंगडी ओढली आणि मग आमच्याकडं वळली.

"रहने दो," ती म्हणाली. "ऊपर कोई तो चाहिए."